घरपट्टीला लगाम कोणाचा?

आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना रस्ते, गटारे आणि बाजार झपाट्याने उभे राहिले, पण तिजोरीत खडखडाट झाला. १८७१ साली करदाते खवळले. १८७२ च्या कायद्याने महापालिकेचे ६४ पैकी निम्मे सभासद निवडण्याचा हक्क त्यांना मिळाला. कर भरणाऱ्याला कर ठरवतानाही बोलता आले पाहिजे, ही मागणी रास्तच होती.

१८८८ च्या कायद्याने घरपट्टीचा पाया घातला. घराला वर्षाकाठी जे भाडे येऊ शकेल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरावीक टक्के कर.

या कराला खरा लगाम मात्र भाडे नियंत्रणाने घातला. १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच जुन्या घरांचे प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येईल असे कमाल भाडे, ठरले. समजा, चाळीतल्या एका खोलीचे तेव्हाचे भाडे महिना १० रुपये. वर्षाचे १२०, करयोग्य मूल्य १०८. चाळीस वर्षांनी खोलीची पागडी लाखांत गेली तरी कराचा हिशेब १०८ रुपयांवरच! प्रमाण भाड्यापलीकडे करयोग्य मूल्य नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात १९७९ मध्ये पुन्हा बजावले. भाडेकरूला आधार मिळाला, हे खरे आणि चांगलेही. पण त्याच गल्लीत नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला कितीतरी पट जास्त कर भरावा लागे. हा अन्याय अर्धशतकाहून जास्त काळ चालला.

अखेर २००९ मध्ये कायदा बदलला. १ एप्रिल २०१० पासून भाड्याऐवजी रेडी रेकनरवर, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी दरपत्रकावर, आधारलेले भांडवली मूल्य आले. एकदम बोजा पडू नये म्हणून विधिमंडळाने मर्यादाही घातल्या: राहत्या घरांचा कर आधीच्या दुपटीपेक्षा, इतर जागांचा तिपटीपेक्षा जास्त वाढवायचा नाही. पुढे दर पाच वर्षांनी फेरआकारणी, पण वाढ ४० टक्क्यांच्या आतच. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना आधी वाढीतून वगळले आणि २०२२ मध्ये करच माफ झाला.

न्यायालयानेही आपली रेघ ओढली. जमिनीवर उद्या किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आज कर लावण्याचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला.

दुप्पट, तिप्पट, ४० टक्के. हे आकडे करदात्याला धीर देतात, पण पाणी, कचरा, दवाखाने चालवायला शहराला किती पैसा लागतो याच्याशी त्यांचा संबंध जोडलेला नाही. १ जुलै २०१७ ला जकात गेल्यापासून तर घरपट्टीचे महत्त्व आणखी वाढले आहे. मर्यादा हवीच, मात्र ती कोणत्या हिशेबाने ठरवली, हे महापालिकेने आणि सरकारने करदात्यांपुढे उघडपणे मांडले पाहिजे.