तळटीप : जन्मतारीख कोणती धरावी?
आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंद 1 जानेवारी 1864 पासून सुरू झाली. कॅथलिकेतर विवाहांची त्याआधी, 1845 पासून. त्यामुळे 1864 नंतर सरकारी दाखला प्रमाण आणि चर्चची वही दुय्यम, असे वंशावळ शोधणारे अनेकदा धरून चालतात. जन्मतारखेपुरते ते मान्य करता येत नाही. बाप्तिस्मा 3 मार्चला आणि दाखल्यावर जन्म 20 मार्चचा, अशा धर्तीच्या जोड्या या दप्तरांत भेटतात. मुदत उलटल्यावर जन्म नोंदवला तर दंड पडे, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. धर्मगुरूला तसे कारण नव्हते. बाळ काही दिवसांचे असतानाच तो आईबापांची नावे, बहुधा आईच्या माहेरच्या आडनावासह, आणि धर्मपिता-धर्ममातेची नावे टिपून घेई, तीही अनेकदा लॅटिनमध्ये. चर्चच्या वह्या अपुऱ्या आहेत, हा आक्षेप खराच. 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले, त्यात चर्च ऑफ आयर्लंडच्या शेकडो वह्या गेल्या. कॅथलिक वह्या मात्र ज्या त्या पॅरिशमध्येच असल्याने वाचल्या. पण हरवलेल्या वहीमुळे उरलेली वही खोटी ठरत नाही. म्हणून या ग्रंथात, जिथे दोन्ही तारखा जुळत नाहीत, तिथे बाप्तिस्म्याची नोंद ग्राह्य धरून जन्म त्याआधीचा मानला आहे.