साक्ष देणाऱ्याने सांगावं, निकाल ऐकणाऱ्याने द्यावा

डहाणू-तलासरीत धर्मप्रचार हा शब्द निघाला की चहाच्या टपरीवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते सेवा, दुसरी म्हणते बाटवाबाटवी. निवडणूक जवळ आली की आवाज आणखी चढतो. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष' देण्याची जुनी पद्धत आहे. एखादा साधा माणूस चारचौघांत उभा राहतो आणि देवामुळे आपल्या आयुष्यात काय बदललं ते सांगतो. दारू सुटली, घरातलं भांडण मिटलं, आजारपणात धीर मिळाला. शब्द कोर्टातलाच आहे. साक्षीदाराने पाहिलं तेवढंच सांगायचं.

या साक्षीने मराठीला मोठं धन दिलंय. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे त्यांनी 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, साक्ष छापली १९०७ मध्ये. बाप्तिस्म्यानंतरही आपल्याला काही वर्षं खरं समाधान मिळालं नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. रडल्या, संतापल्या, सोवळं पाळत राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतः निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे' आजही सर्व धर्मांचे लोक वाचतात, कारण बाई कुणाला वळवायला बसलेल्या नाहीत, फक्त सांगतायत.

आता आपल्याकडे या. अमेरिकेतल्या ब्रदरेन चर्चचे मिशनरी १८९४-९५ च्या सुमारास वलसाडला आले आणि पुढे डहाणूपर्यंत पोचले. मिशन दवाखाना झाला. तलासरीत जेझुइटांचं ज्ञानमाता सदन उभं राहिलं. इथून शिकलेल्या पिढ्या तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत. ते ऋण नाकारायचं कशाला?

पण एक फरक बघा. लक्ष्मीबाई ऐकत होत्या घरच्या माणसाचं. आपल्याकडे सांगणाऱ्याच्या हातात औषध आणि पाटी होती, ऐकणारा वारली सावकाराच्या वेठीला जुंपलेला. अशा माणसाला 'नको' म्हणायची कितपत मोकळीक होती? हा प्रश्न विचारणं म्हणजे चर्चवर हल्ला नव्हे. आणि आदिवासी नुसता भोळा, कुणीही वळवावा असा, हेही खोटं. २३ मे १९४५ ला झरीच्या परिषदेत याच माणसांनी वेठबिगार झुगारली. आपली कहाणी आपल्या तोंडाने सांगायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

कायदाही हाच फरक करतो. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं हा हक्क, दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा मूलभूत हक्क नव्हे. स्वतःच्या मनाने धर्म बदलायला माणूस अर्थातच मोकळा. अनुसूचित जमातीचा दर्जाही आज धर्मावर ठरत नाही, म्हणून तर डीलिस्टिंगची मागणी होते. त्यावर बोलताना आधी हे माहीत असू द्या.

मला दोनच कसोट्या दिसतात. साक्ष देणाऱ्याने स्वतःबद्दल बोलावं. भगत लबाड, कणसरी खोटी, वाडवडील अंधारात, असं सुरू झालं की ती साक्ष राहत नाही, दुसऱ्यावरचा आरोप होतो. आणि आजाऱ्याच्या उशाशी, कर्जात बुडालेल्याच्या दारात बरं होण्याचे सौदे करू नयेत.

दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. पाड्यावर चार माणसं प्रार्थनेला बसली म्हणून व्हिडिओ काढत घुसायचा हक्क कुणालाच नाही. पटलं नाही तर उठून जाता येतं. साक्षीदाराचं तोंड दाबून खटला जिंकता येत नाही.

तुमच्या पाड्यावर काय चित्र आहे? कमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत, अनुभव सांगा.