ढोराची वाढ वेगळी, पोराची वेगळी

जानेफळात ढोराच्या डॉक्टरला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. म्हैस गाभण कधी राहील, हा पहिला. दुसरा जरा आवाज उतरवून: "डॉक्टर, ढोराले इंजेक्शन देलं त दुधातून पोराच्या अंगात उतरते का जी? पोट्ट्या लवकर वयात येतात म्हन्तात." नोकरी होती तोवर मी "नाही उतरत" एवढंच सांगून पुढच्या गोठ्याकडे वळायचो. आता निवृत्त आहे, तेव्हा त्या "नाही"मागचा इतिहासही सांगतो.

आधी दोन वस्तू वेगळ्या करू. गोठ्याच्या चौकटीत खोचलेली, लेबल नसलेली प्लॅस्टिकची छोटी बाटली असते ती ऑक्सिटोसिनची, म्हणजे पान्ह्याची. पूर्वी वगार मेलं की त्याच्या कातड्यात कुटार भरून, वरून मीठ चोळून ते म्हशीपुढे ठेवत. ती चाटायची, पान्हा सोडायची. बाटली आली आणि ते कातडं गेलं. ऑक्सिटोसिन ही फक्त नऊ अमिनो आम्लांची साखळी. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ती 1953 मध्ये प्रयोगशाळेत जोडून दाखवली आणि 1955 चं नोबेल मिळवलं. गाय असो, म्हैस असो की बाळंतीण, ही साखळी एकच. पण ती दूध बनवत नाही आणि कुणाची उंचीही वाढवत नाही. कासेत साचलेलं दूध तेवढं बाहेर ढकलते.

वाढीचं संप्रेरक निराळं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. साखळी मोठी, माणसात 191 अमिनो आम्लांची. 1944 मध्ये बर्कलीत चोह हाओ ली आणि हर्बर्ट इव्हान्स यांनी ते गुरांच्या पियुषिकांतून वेगळं काढलं. आता खुजी राहिलेली मुलंही उंच होतील, अशी डॉक्टरांना आशा वाटली. उंदीर वाढले, मुलं मात्र होती तेवढीच राहिली. शेवटी माणसाचंच संप्रेरक लागलं. ते देऊन एका मुलाची उंची वाढल्याचं मॉरिस रेबन यांनी 1958 मध्ये जाहीर केलं. पुढे कितीतरी वर्षं हे औषध मृतांच्या पियुषिकांतून काढत. 1985 मध्ये ते घेतलेल्या काही जणांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघड झालं आणि ते बंद पडलं. त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत परवानगी मिळाली.

गुरांचं संप्रेरक माणसाला का चालेना? ससेक्स विद्यापीठाचे मायकेल वॉलिस यांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या साखळ्या शेजारी-शेजारी मांडल्या. डुकराची आणि कुत्र्याची साखळी हुबेहूब एक निघाली, घोड्याची जवळपास तशीच. म्हणजे कोट्यवधी वर्षांत फारसा बदल नाही. मात्र दोन घराण्यांत बदलाचा वेग एकदम कितीतरी पटींनी वाढला आणि मग पुन्हा मंदावला. एक घराणं रवंथ करणाऱ्यांचं, दुसरं माकडांचं आणि आपलं. ईशान्य भारतातल्या जंगलातलं लोरिस हे माकडांचं दूरचं भावंड, पण त्याची साखळी अजून डुकराच्या जवळची आहे. माणसाची मात्र डुकराहून जवळजवळ एक तृतीयांश वेगळी.

नेमकं काय बदललं, ते जू आणि शिवळ डोळ्यांपुढे आणलं की कळतं. संप्रेरक ही शिवळ, पेशीवरचा ग्राहक हे जुवाचं भोक. आपल्या पूर्वजांत आधी शिवळ बारीक झाली: 171 व्या जागी हिस्टिडिन होतं, तिथं अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं. ती जुन्या भोकातही बसत होती. नंतर भोकही अरुंद झालं: ग्राहकाच्या 43 व्या जागी ल्युसिन जाऊन आर्जिनिन आलं. तेव्हापासून गुरांची जाड शिवळ आपल्या भोकात शिरत नाही. आपली मात्र त्यांच्या भोकात बसते.

एक गोष्ट लपवायची नाही. वाढीच्या संप्रेरकाचा हुकूम शरीरभर पोचवणारं आयजीएफ-1 नावाचं प्रथिन गायीत आणि माणसात अगदी सारखं आहे. अमेरिकेनं 1993 मध्ये दूध वाढवणाऱ्या बोव्हाइन सोमॅटोट्रॉपिनला, म्हणजे गायीच्याच वाढीच्या संप्रेरकाला, मान्यता दिली, तेव्हा वाद पेटला तो त्यावरूनच. पण प्यायलेलं प्रथिन पोटात बहुतांश पचतं आणि आपलं शरीर स्वतःच दुधातल्यापेक्षा कितीतरी जास्त आयजीएफ-1 बनवतं. कॅनडानं 1999 मध्ये ते इंजेक्शन नाकारलं ते गायींच्या हालांसाठी: कासदाह आणि लंगडेपण.

आता पुन्हा पान्ह्याच्या बाटलीकडे. आपल्याकडे केंद्र सरकारनं 2018 मध्ये खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. थोडक्यात, पोरांना दूध बिनघोर द्या. बिनलेबलची बाटली मात्र गोठ्यातून काढून टाका. रोज टोचलेली म्हैस टोचल्याशिवाय पान्हा सोडेनाशी होते. नुकसान तिचं आहे आणि तुमचंही.