चक्रीवादळासाठी घराची पूर्वतयारी : कोकण किनारा

समुद्रावरच्या वादळातील वारा ताशी ६२ किलोमीटरवर पोचला की भारतीय हवामान विभाग त्याला चक्रीवादळ म्हणतो. ८९ किलोमीटरपासून ते तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र धरले जाते. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, ते साधारण याच अतितीव्र पायरीपासून सुरू होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेले फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत गेलेले तौक्ते ही कोकणातली अलीकडची ठळक उदाहरणे आहेत. घराची तयारी म्हटले की बंद दारेखिडक्या, टॉर्च आणि कोपऱ्यात दाटीने बसलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. हे सगळे वारा घोंघावत असतानाचे चार-सहा तास झाले. हानीचा हिशेब मांडला तर त्या तासांपेक्षा त्यानंतरचे आठवडे जड भरतात, आणि घराची तयारी मुख्यतः त्या आठवड्यांसाठी करायला हवी.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅरिबियन समुद्रातला आहे. मारिया हे हरिकेन २० सप्टेंबर २०१७ रोजी प्वेर्तो रिको बेटावर धडकले. मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ वरच थांबला होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने नेहमीच्या मृत्युदराशी तुलना करून फेब्रुवारी २०१८ पर्यंतचे जादा मृत्यू काढले. ते २,९७५ भरले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तोच आकडा स्वीकारला. वारा तर पहिल्याच दिवशी थांबला होता. पुढची माणसे गेली ती वीज नाही, रस्ता नाही, औषध मिळत नाही, दवाखाना गाठता येत नाही अशा अवस्थेत, आणि त्यांत वृद्ध व गरीब अधिक होते. निसर्गची व्याप्ती त्यामानाने फार लहान, पण घटनाक्रम तसाच होता. ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि रात्रीपर्यंत त्याचा जोरही ओसरला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतली अनेक गावे मात्र त्यानंतर कित्येक आठवडे अंधारात होती. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे मुके, वाटेवर आंबा-फणसाची झाडे, त्यात टाळेबंदी आणि डोक्यावर येऊन ठेपलेला पावसाळा.

या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे, तो समुद्राच्या उधाणाचा. वादळ पाण्याचा फुगवटा किनाऱ्यावर ढकलते, आणि खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीलगत असलेल्या घरात त्या वेळी कितीही तयारी असली तरी तिचा उपयोग नसतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात सुमारे १०,००० माणसे गेली, त्यांतली बहुतेक पाण्याने. त्याच राज्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन येण्याआधी जवळजवळ १० लाख लोकांना हलवले आणि मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. म्हणून घरी थांबायचे की निघायचे, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मे महिन्यातच ठरलेले हवे. घर भरतीच्या रेषेपासून किती उंच आहे, भिंती मातीच्या की चिऱ्याच्या, डोक्यावर स्लॅब आहे की पत्रा, निघायचे तर कोणाच्या घरी किंवा कोणत्या शाळेत, गुरे सोडायची की न्यायची? बंदरावर बावटा चढल्यावर या चर्चेला वेळ उरत नाही. हवामान विभागाचा सावधगिरीचा इशारा वादळी हवामानाच्या सुमारे ४८ तास आधी आणि पुढचा, अधिक नेमका, २४ तास आधी येतो. निसर्गच्या वेळी १ जूनला समुद्रात ठळक झालेला कमी दाब ३ तारखेला दारात होता.

थांबण्याजोगे घर असेल तर सगळा भर छपरावर द्यावा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. उतरत्या छपरावरून वारा जाताना तो छप्पर वर खेचतो, आणि वाऱ्याकडची एखादी खिडकी फुटली की आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. पत्रा आधी कडेला सुटतो. तेव्हा वळचणीकडचे हुक-बोल्ट जवळजवळ बसवणे आणि वासे भिंतीला लोखंडी पट्टीने जखडणे हा सर्वांत फलदायी खर्च आहे. दोनपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला बरे तोंड देते. खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी त्याने काच वाचत नाही, प्लायवूडची फळी वाचवते. छपरावर एवढा भर देण्याचे कारण पुन्हा नंतरचेच आहे. कोकणात आगोटीपूर्वी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी करण्याची जुनी रीत आहे, आणि निसर्ग आले तेव्हा बऱ्याच घरांत ती भरलेलीच होती. पण छप्पर गेले की भरलेली कणगी भिजते. शिवाय सगळा तालुका एकाच दिवशी पत्रे, कौले आणि सुतार शोधू लागतो. त्यामुळे ताडपत्री आणि दोर घरात आधीपासून असणे चैनीचे नाही.

पाण्याच्या बाबतीत कोकणातली घरे आता पूर्वीपेक्षा लंगडी झाली आहेत, हे कबूल करावे लागेल. विहिरीवरचा रहाट गेला, पंप आला, आणि वीज गेली की पाणी समोर दिसूनही हाती लागत नाही. दोर आणि पोहरा ठेवावा, पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान तीन लिटरप्रमाणे आठवड्याचे पाणी झाकून भरावे, विहिरीत घाण किंवा खारे पाणी शिरले असेल तर उपसा व निर्जंतुकीकरण होईपर्यंत ते पिऊ नये. नियमित औषधे महिनाभराची हवीत. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय झालेल्यांनी थोडी रोकडही ठेवावी, कारण मनोरा बंद तर एटीएमही बंद. जनित्र किंवा कोळशाची शेगडी घरात किंवा बंद पडवीत चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अमेरिकेत वादळानंतरच्या मृत्यूंत हे कारण पुनःपुन्हा आढळते. ओल्या छपरावर घाईने चढणे आणि पडलेल्या तारेजवळ जाणे यांनीही वाचलेली माणसे दगावतात. वाऱ्याच्या तासांसाठी सांगण्यासारखे खरे तर थोडेच आहे : आतल्या खोलीत, खिडक्यांपासून दूर बसावे, आणि वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नये. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि त्यामागून वारा उलट दिशेने सुटतो.

यावर आक्षेप येतात. कोकणात वादळे क्वचित येतात, मग एवढा खटाटोप कशाला? पण अरबी समुद्र तापतो आहे, २०१९ या एकाच वर्षात त्यावर पाच चक्रीवादळे झाली, आणि वर सांगितलेली निम्मी तयारी नेहमीच्या पावसाळ्यातही उपयोगी पडते. इशारे खोटे ठरतात, हा दुसरा आक्षेप. जून २०१९ मध्ये वायू हे वादळ गुजरातच्या तोंडाशी येऊन वळले आणि हलवलेले लाखो लोक परत गेले, हे खरे आहे. मात्र फुकट गेलेल्या दोन रात्री आणि चुकलेली एक रात्र यांची किंमत सारखी धरता येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. हातावर पोट असलेल्याने महिन्याची औषधे आणि लोखंडी पट्ट्या कुठून आणाव्यात? याला घरापुरते उत्तर नाही. दोर, पोहरा, शेजाऱ्याच्या स्लॅबखाली ठरवून ठेवलेली जागा एवढे बिनखर्चाचे आहे. छपरे जखडण्याचे काम सरकारी घरकुल योजनांतच धरले पाहिजे, नुकसानभरपाईपेक्षा ते स्वस्त पडेल.

भरपाईचा विषय निघाला म्हणून कागदांबद्दल. सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावे. छप्पर, बाग आणि गोठ्याची छायाचित्रे मे महिन्यातच काढून ठेवावीत. वाटा बंद असताना तलाठी पंचनाम्याला पोचायला दिवस लागतात आणि तोवर पावसात घर उघडे ठेवणे शक्य नसते, म्हणून डागडुजीला हात घालण्याआधी पुन्हा छायाचित्रे घ्यावीत आणि मोडलेले पत्रे, कौले पंचनामा होईपर्यंत आवाराच्या एका कडेला रचून ठेवावीत.