सत्तेची क्रियापदे : छत्तीसगडातील मराठी अंमलाच्या निमित्ताने

'सत्ता गाजविणे', 'अंमल बसविणे', 'हुकमत चालविणे', 'कारभार हाकणे' आणि 'राज्य करणे' हे प्रयोग आपल्या कोशांत एकमेकांच्या शेजारी नांदतात, आणि इतिहास लिहिताना आपण त्यांतील कोणताही हाताला येईल तो उचलतो. परंतु पर्याय म्हणून दिलेले शब्द समानार्थी असतातच असे नाही. क्रियापदाची निवड हा पुष्कळदा लेखकाने नकळत दिलेला ऐतिहासिक निर्णय असतो.

या शब्दांतील नामे पाहिली तर ती नाना ठिकाणची आहेत. 'सत्ता' संस्कृतातली, तिचा मूळ अर्थ केवळ 'असणे'. 'अंमल' अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. त्याचा मूळ अर्थ 'कृती', आणि मराठीत त्याला नशेचाही अर्थ चिकटला. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण तो प्रयत्न मुख्यतः नामांचा होता. बसविणे, गाजविणे, चालविणे ही क्रियापदे आपलीच होती आणि तशीच राहिली. सत्तेकडे पाहण्याची मराठी माणसाची दृष्टी शोधावयाची तर ती या क्रियापदांतच शोधली पाहिजे.

त्यांतील बहुतेक प्रयोजक आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बसणे-बसविणे, चालणे-चालविणे, गाजणे-गाजविणे. प्रयोजक रूप राज्यकर्त्याचा उद्योग सांगते. त्यामागचे मूळ रूप त्या उद्योगाचे फळ सांगते. अंमल बसविला, पण तो बसला काय? हुकमत चालविली, पण ती चालली काय?

छत्तीसगडचा इतिहास या प्रश्नाच्या कसोटीवर लावून पाहावा. आज भिलाईला लागून असलेल्या दुर्ग येथील मातीच्या किल्ल्यात १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा तळ पडला होता. त्याच स्वारीत भास्करराम कोल्हटकर यांच्यापुढे रतनपूरचे हैहयवंशी राज्य नमले. अंमल बसविला गेला तो तेव्हा; मात्र राजघराण्यातील पुरुषच भोसल्यांच्या वतीने पुढे गादीवर राहिले. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, तेव्हा कोठे तो बसू लागला. बिंबाजी १७८७ पर्यंत तेथेच नांदले. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर त्यांच्या काळाची साक्ष देते. त्यांच्याविषयी 'राज्य केले' हे साधे क्रियापद शोभते.

त्यांच्या पश्चात चित्र पालटले. व्यंकोजी भोसले यांच्या नावाने सुभेदार कारभार पाहू लागले; परगण्यांवर कमाविसदार आले, आणि वसुली नागपुरास पोचविणे हे कारभाराचे मुख्य अंग झाले. येथे 'राज्य केले' म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. 'कारभार हाकला' हेच नेमके. कारण हाकणारा गाडीवर असतो आणि ओझे बैलांच्या मानेवर. १८१८ ते १८३० या काळात इंग्रजांनी भोसल्यांच्या नावाने हा प्रांत चालविला. त्यांचे अधीक्षक अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास नेले. १८५४ साली भोसल्यांचे राज्यच खालसा झाले.

या एकशेतेरा वर्षांना आपले ग्रंथकार सरसकट 'मराठ्यांनी सत्ता गाजविली' असे म्हणून मोकळे होतात. या प्रयोगात एक गोम आहे. सभा गाजते, नाव गाजते. पण 'सत्ता गाजली' असे आपण सहसा म्हणत नाही. म्हणजे इतर क्रियापदांना जी उलटतपासणी लागू पडते, ती येथे संभवत नाही. गाजविणाराचा आवाज तेवढा ऐकू येतो. ऐकणाराला बोलण्यास जागाच उरत नाही. नागपुरात बसून लिहिणाऱ्यास जो पराक्रम वाटतो, तोच दुर्ग परगण्यातील शेतकऱ्याच्या लेखी सारा भरण्याचा तगादा असू शकतो, याचा या क्रियापदाला पत्ताच नसतो.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना ठरला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा कार्याला आज मराठीत रूढ असलेले क्रियापद 'योजना राबविणे' हे आहे. 'राबविणे' म्हणजे मूळचे माणसाला किंवा जनावराला कष्टास जुंपणे. आता कर्माच्या जागी योजना आली आणि माणूस वाक्यातून दिसेनासा झाला. परंतु मूळ रूप अद्याप शाबूत आहे : योजना राबत नाही, राबतो तो माणूसच.

म्हणून सत्तेविषयी लिहिताना प्रत्येक प्रयोजकामागील मूळ क्रियापद एकदा उच्चारून पाहावे. इतिहासाची दुसरी बाजू पुष्कळदा तेथेच उभी असते.