वाक्याची फोड आणि कायद्याची भाषा



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'इंग्रजी व्याकरणातील वाक्य, उपवाक्य आणि पदबंध' असा विषय छापलेला पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ज्याचा जन्म कारखान्यांच्या फाटकांपुढे घोषणा देण्यात गेला, त्याने व्याकरणाच्या वाटेला का जावे? शंका रास्त आहे. मी नववीत शाळा सोडली. इंग्रजी शिकलो ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या फाटक्या प्रतीवरून, आणि त्याहून अधिक करारनाम्यांवरून व बडतर्फीच्या पत्रांवरून. तेव्हा पंडिताचा आव मी आणीत नाही. मला आज इतकेच सांगावयाचे आहे की, वाक्याची फोड करणे ही परीक्षेपुरती कसरत नव्हे. आपल्या भागात तिच्यावर जमिनी गेल्या आहेत, आणि मुंबईत तिच्यावर नोकऱ्या राहिल्या आहेत.

आपल्या सर्वांना पाठ असलेल्या एका वाक्यापासून सुरुवात करू. 'कसेल त्याची जमीन.' तीन शब्दांचे हे वाक्य वैयाकरण 'मिश्र' ठरवील. 'जो कसेल' हे गौणवाक्य, आणि 'त्याची जमीन असेल' हे प्रधानवाक्य. 'जो' गाळला आहे, 'असेल' गाळले आहे, तरी टोकावड्याच्या निरक्षर शेतकऱ्यालाही त्याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नाही. अट आधी आली, फळ मागून आले. मराठीचा स्वाभाविक क्रम हाच आहे: जर आधी, तर मागून; जो आधी, तो मागून.

आता हीच घोषणा कायद्यात गेल्यावर तिचे काय झाले ते पाहा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. बत्तिसाव्या कलमाचे प्रधानवाक्य असे, की त्या दिवशी प्रत्येक कुळाने आपल्या जमिनीची खरेदी केली आहे असे मानण्यात येईल. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे असे हे वाक्य. परंतु त्याच्या पोटात 'इतर तरतुदींच्या अधीन राहून' असा एक पदबंध बसला आहे, आणि शेपटाला 'इफ' लावून अटींची रांग आहे. पदबंधात क्रियापद नसते, म्हणून तो वाचताना निरुपद्रवी वाटतो. या पदबंधाने मात्र पुढची सगळी कलमे आत ओढून घेतली. जमीनदाराने ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस देऊन जमीन स्वतः कसण्यासाठी मागितली असेल तर एक गोष्ट. मागितली नसेल तर न्यायाधिकरणापुढे हजर राहायचे, खरेदीची तयारी सांगायची, आकाराच्या वीसपट ते दोनशेपट या मर्यादेत ठरेल ती किंमत भरायची. कूळ हजर राहिले नाही, तर त्याची खरेदीची इच्छा नाही असे जाहीर होई आणि खरेदी निष्फळ ठरे.

माझ्या आजोबांनी यातले प्रधानवाक्य ऐकले होते. मुरबाडहून आलेल्या कोणी तरी पारावर ते मराठीत सांगितले, आणि सांगणाऱ्याने खोटे काहीच सांगितले नाही. 'कुळाने जमीन विकत घेतली असे सरकार मानते.' आजोबांनी नारळ फोडला. पुढे कचेरीची नोटीस आली ती ऐन आवणीच्या दिवसांत. जमीन आपली झालीच आहे, मग पुन्हा कचेरीत जाऊन काय विचारायचे, असे म्हणून ते चिखलातून बाहेर आले नाहीत. दोन एकर भातखाचर त्या एका गैरहजेरीत गेले. आजोबा मरेपर्यंत म्हणत, 'सरकारने दिली आणि सरकारनेच फिरवली.' सरकारने फिरवली नव्हती. वाक्य संपले नव्हते, ते यांना संपलेले वाटले.

असे का वाटावे? आजोबा भोळे होते हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येते. 'येईल', 'होईल', 'मानण्यात येईल' असा शब्द कानावर पडला की आपण मान हलवतो, कारण वाक्याला झाकण बसलेले असते. इंग्रजीत क्रियापद सुरुवातीलाच येऊन जाते आणि निम्मे वाक्य त्याच्या मागून चालत येते. भाताची गाडी पुढे गेली म्हणून फाटक लावून घ्यावे आणि मागच्या चार गाड्या बाहेरच राहाव्यात, तशी मराठी कानाची गत होते. 'इफ', 'अनलेस', 'अन्टिल', 'प्रोव्हायडेड दॅट' ही सगळी मागच्या गाड्यांवरची माणसे आहेत.

ही फोड आपण शिकलो कोणाकडून, याचाही थोडा इतिहास सांगतो. वाक्य म्हणजे काय याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ज्यात एक क्रियापद ते एक वाक्य, अशी व्याख्या पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाने पूर्वीच केली होती. तथापि शाळेत आपण जे वाक्यपृथक्करण म्हणून शिकलो, ती चौकट इंग्रजी शिक्षणातून आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, मराठीचे व्याकरण छापले. मेजर कँडी यांनी शतकाच्या मध्याला विरामचिन्हांचे नियम मराठीत आणले. त्यापूर्वीचे मोडी कागद पाहा: शब्दाशब्दांत जागा नाही, वाक्य कोठे संपते ते वाचणाऱ्याने ओळखावे. वाक्याचे तुकडे पाडून त्यांचे परस्परसंबंध दाखविण्याची रीत जर्मनीत कार्ल फर्डिनांड बेकर याने घालून दिली. हा मूळचा वैद्य; फाडून पाहण्याची सवय तेथूनच लागली असावी, असे आपले मला वाटते. इंग्लंडातले शाळा-इन्स्पेक्टर मोरेल यांनी १८५२ साली ती इंग्रजीत रुजविली, आणि नेसफील्ड यांच्यासारख्या हिंदुस्थानातील शिक्षणाधिकाऱ्यांच्या पुस्तकांनी ती घरोघर नेली. पुढे रेन आणि मार्टिन आले. यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि नंतर फ्रेंच फौजेच्या साहसकथा लिहून त्यांनी नाव काढले. व्याकरण लिहिणारा माणूस असा निघतो यावर माझ्या कामगारांचा विश्वास बसत नाही. मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ सालचे. केवल, मिश्र आणि संयुक्त हे वर्ग तोवर आपल्या अंगवळणी पडले होते.

ते वर्ग थोडक्यात असे. एकच विधान असलेले ते केवल वाक्य. तोलामोलाची दोन विधाने 'आणि', 'पण', 'किंवा' यांनी जोडली की संयुक्त. एक विधान मालक आणि दुसरे त्याच्या आश्रयाला, की मिश्र. आश्रित उपवाक्य नामाचे काम करील, विशेषणाचे करील किंवा क्रियाविशेषणाचे करील. परीक्षेला एवढे पुरते. व्यवहारात मात्र आश्रितच पुष्कळदा मालकाला घराबाहेर काढतो.

याचे मी पाहिलेले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याचे कलम पंचवीस-एफ. हा कायदा १९४७ चा, आणि हे कलम त्यात १९५३ साली आले. त्याचे प्रधानवाक्य नकारार्थी आहे: कोणत्याही कामगाराची कपात केली जाणार नाही. त्यातल्या 'कामगार' शब्दाला 'हू'चे विशेषणवाक्य लावले आहे, की ज्याची सलग नोकरी एक वर्षापेक्षा कमी नाही. आणि मागून 'अन्टिल' येते: एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई दिली जाईपर्यंत. सरकारला कळविण्याची तरतूदही तेथेच आहे.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड-सेविकांना १९५४ साली कामावरून कमी केले, आणि भरपाई काही दिली नाही. हॉस्पिटल मझदूर सभा त्यांच्यासाठी न्यायालयात गेली. उच्च न्यायालयातील अपिलात निकाल बायांच्या बाजूने लागला, तेव्हा मुंबई सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. रुग्णालय हा 'उद्योग' आहे की नाही हा वाद तर होताच. पण दुसरा प्रश्न सरळ व्याकरणाचा होता. भरपाई ही कपातीनंतर द्यावयाची रक्कम आहे, की कपातीच्या आधी पुरी करावयाची अट? पहिले खरे, तर बाया घरी बसतात आणि पैशासाठी खेटे घालतात. दुसरे खरे, तर कपात झालीच नाही आणि नोकरी चालू आहे. जानेवारी १९६० मध्ये निकाल लागला. तो लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. ती अट आधीची आहे आणि ती न पाळता केलेली कपात अवैध आहे, असे त्यांनी ठरविले. 'नाही' आणि 'अन्टिल' यांची जोडी मराठीत 'दिल्याशिवाय करता येणार नाही' अशी होते, आणि मग शंकेला जागा उरत नाही. पुढच्या काळात न्यायालये कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे अधिक वळली हेही सांगितले पाहिजे. पण कपात अवैध ठरविण्याचा आधार हेच वाक्य राहिले.

येथे भाषांतराची एक गंमत आहे. हे कलम साध्या मराठीत सांगतो: 'वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस व भरपाई दिल्याशिवाय कमी करता येणार नाही.' इंग्रजीत उपवाक्ये मोजावी लागतात, मराठीत हे केवल वाक्य झाले. 'केलेल्या' आणि 'दिल्याशिवाय' ही धातुसाधिते उपवाक्ये गिळून बसली, आणि अट पुन्हा क्रियापदाच्या अलीकडे आली. कोणती भाषा श्रेष्ठ हा वाद मी घालीत नाही. मात्र इंग्रजी मजकूर मराठीत सांगणाऱ्याने शेपूट उचलून आधी मांडले नाही, तर तो सांगण्यात चुकला असे मी म्हणेन.

हे मी चुकूनच शिकलो. १९९४ साली मी एका कारखान्यात कामगार प्रतिनिधी होतो. हंगामी कामगार कायम करण्याचा करार झाला. कागद इंग्रजी. मी वाचून दाखविला, 'कायम करण्यात येईल' येथे टाळ्या पडल्या, आणि मीही तेथेच थांबलो. पेढे वाटले. मागे 'प्रोव्हायडेड दॅट' होते आणि त्याच्यामागे हजेरीची अट होती. अकरा जण तीत बसले नाहीत. त्यांतला एक माझा चुलतभाऊ होता. तो म्हणाला, 'दादा, तुला वाचता येतं म्हणून आम्ही ऐकलं.' त्या आठवड्यात मी कल्याणच्या रद्दीवाल्याकडून तर्खडकर आणला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही टोकावड्याला बसतो. कागद कोणताही चालतो: करार, सात-बारावरचा शेरा, वनहक्काच्या दाव्यावरील नकारपत्र, बँकेची नोटीस. पहिले काम क्रियापदांखाली रेघ मारणे. जितक्या रेघा तितकी विधाने. मग मालक कोण, आश्रित कोण ते विचारायचे. मग क्रियापद नसलेले पदबंध हुडकायचे, कारण 'अधीन राहून' आणि 'ऐवजी' तेथे लपतात. सगळ्यांत शेवटी अर्थ. कातकरी वाडीतली दोन मुले यात माझ्यापुढे गेली आहेत. त्यांना 'कॉम्प्लेक्स सेंटेन्स' म्हणता येत नाही. ती त्याला 'शेपटाचं वाक्य' म्हणतात.

१९४७ च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. संसदेने ती २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. त्या आठवड्यात या दोघांपैकी एक जण मुरबाडहून सत्तराव्या कलमाची छापील प्रत घेऊन माझ्या दारात उभा राहिला. 'वर्कमन'च्या जागी 'वर्कर' झाला होता. तिकडे त्याने पाहिलेही नाही. उंबऱ्यातूनच त्याने विचारले, 'काका, अन्टिल ठेवलाय का बघा.' आम्ही दोघांनी मिळून रेघा मारल्या. ठेवला होता.