प्रयोजनवाद (उत्क्रांतिजीवशास्त्र)

निसर्गातील वस्तू व घटना कोणत्या ना कोणत्या साध्यासाठी असतात, या विचारास प्रयोजनवाद म्हणतात. एखादा अवयव कशासाठी आहे, हा प्रश्न उत्क्रांतिजीवशास्त्रही विचारते. मात्र त्याचे उत्तर ते कोणाच्या हेतूत न शोधता त्या जातीच्या पूर्वेतिहासात शोधते.

== इतिहास ==
ॲरिस्टॉटलने मानलेल्या चार कारणांपैकी अंतिम कारण हे प्रयोजनरूप आहे. भारतीय दर्शनांतही हा वाद जुना आहे. वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध स्रवते, तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते, असा दृष्टान्त ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो अमान्य केला. दूध स्रवण्यामागे चेतन गाय व तिचे वात्सल्य असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

घड्याळावरून घड्याळजीचे अनुमान होते, तसेच सजीवांच्या रचनेवरून रचनाकाराचे होते, असा युक्तिवाद विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये मांडला. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचे तत्त्व मांडून वेगळा खुलासा दिला. एकाच जातीच्या जीवांत आनुवंशिक भेद असतात. ज्या भेदांमुळे जगणे व प्रजनन सुकर होते, ते पुढील पिढ्यांत वाढतात. त्यामुळे रचनाकाराचा हेतू गृहीत न धरताही उपयुक्त रचनांची उपपत्ती लागते. अशा हेतुरहित उपयुक्ततेसाठी कॉलिन पिटेन्ड्रिघ यांनी १९५८ मध्ये 'टेलिऑनॉमी' ही संज्ञा सुचविली.

== उदाहरण : दौलताबाद ==
छत्रपती संभाजीनगरजवळील दौलताबाद (देवगिरी) येथे तीन भिन्न गोष्टी शेजारीशेजारी दिसतात.

* '''टेकडी :''' ती ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाची आहे. तिला कारणे आहेत, प्रयोजन नाही.
* '''तासलेला कडा :''' शत्रूला वर चढता येऊ नये म्हणून माणसाने टेकडीच्या बाजू उभ्या तासल्या व भोवती खंदक खोदला. येथे हेतू आधी, रचना नंतर.
* '''सीताफळ :''' या परिसरातील प्रसिद्ध फळ. गोड गर प्राण्यांना आकर्षित करतो, तर कठीण बी टाकली जाऊन दूरवर रुजू शकते. येथे कार्य आहे. हेतू मात्र कोणाचाही नाही.

सीताफळाची पाने शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून ते चराऊ डोंगरउतारांवरही तग धरते. यावरून 'शेळ्यांपासून बचावासाठी पाने कडवट झाली' असे म्हणणे चुकीचे ठरेल. सीताफळ मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून युरोपीय लोक तेथे पोहोचेपर्यंत त्या प्रदेशात पाळीव शेळ्या नव्हत्या. पानांतील द्रव्ये कीटकांना बाधक असतात. त्यांची निवड कीटकांमुळे झाली असावी, असे अनुमान करता येते. शेळ्यांपासून मिळणारे संरक्षण हा मात्र आनुषंगिक लाभ होय. आजचा उपयोग हेच उत्पत्तीचे कारण असते असे नाही. अन्य कारणाने निर्माण झालेले वैशिष्ट्य नव्या उपयोगात येण्यास स्टीफन जे गूल्ड व एलिझाबेथ व्हर्बा यांनी १९८२ मध्ये 'एक्झॅप्टेशन' ही संज्ञा दिली.

== भाषिक दक्षता ==
'पक्ष्याला उडण्यासाठी पंख दिले आहेत' अशी वाक्यरचना पाठ्यपुस्तकांत व बोलण्यात सहज येते. 'साठी' या शब्दयोगी अव्ययातून हेतूही सूचित होतो आणि कार्यही. संक्षेपासाठी ही रचना वापरण्यास हरकत नाही. मात्र 'ज्या पूर्वजांत हे वैशिष्ट्य होते, त्यांची संतती अधिक टिकली' असा तिचा विस्तार करता आला पाहिजे. तो करता येत नसेल, तर ते विधान पुन्हा तपासावे लागते.